दुभाष्याचे ऋण

खरेदीच्या बाबतीत आपण मराठी माणसे भोळी आहोत असे कोणी म्हटले, तर मला ते पटणार नाही. दिवाळीच्या आधी आठ दिवस कोणत्याही बाजारात जाऊन उभे राहावे. साडी घेणारी बाई पदर उलटून पाहते, काठ ओढून पाहते, सूत दोन बोटांत चोळून पाहते. इतवारीतल्या सराफाकडे गेलेला माणूस दागिन्यावरचा हॉलमार्क भिंग लावून वाचतो. संत्र्यांच्या ढिगापाशी आमचा नागपूरकर फळ हातात तोलतो, साल पोकळ आहे का ते अंगठ्याने दाबून पाहतो, आणि एखादी फोड तोंडात टाकल्यावाचून भावाची गोष्ट काढीत नाही. वस्तू आतून कशी आहे हे कळल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत, हा आपल्या आज्यांनी आपल्याला शिकवलेला धर्म आहे.

परंतु अलीकडे आपल्या घरात अशाही वस्तू येऊ लागल्या आहेत, की ज्यांची फोड चाखता येत नाही. त्यांतल्याच एका क्षुद्र, अंगठ्याच्या पेराएवढ्या वस्तूविषयी मी आज लिहिणार आहे. ती म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत खुपसायचा वायफायचा ॲडॉप्टर. सणासुदीच्या अंकात हा काय विषय, असे कोणाला वाटेल. पण ‘विकत घेतलेली वस्तू आपली केव्हा होते?’ हा जुना प्रश्न या चिमुकल्या वस्तूने माझ्यापुढे जितका स्पष्ट उभा केला, तितका कोणत्याही जाड ग्रंथाने केलेला नाही.

या वस्तूची आताच अशी गरज का पडावी, ते आधी सांगतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागते, आणि अनेक जुन्या संगणकांत ती नसते. म्हणजे ज्याचा पडदा शाबूत आहे, कळफलक शाबूत आहे, असा धडधाकट संगणक एका तारखेनंतर म्हाताऱ्यांत जमा झाला. अशा यंत्रांना पुन्हा कामाला लावण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली हेलसिंकीत तिचा आरंभ केला. ती फुकट मिळते, आणि तिचा सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो. जुन्या संगणकावर ती बसवली, की यंत्र पुन्हा चालू लागते. अडते ते बहुधा एकाच जागी. आतला वायफाय बिघडलेला असतो, किंवा मुळात नसतोच. आणि मग बाजारातून ॲडॉप्टर आणावा लागतो.

येथे थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. संगणकाला आणि ॲडॉप्टरमधल्या चिपेला एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाष्या वस्तू बनवणारी मंडळीच लिहून देतात. लिनक्सची रीत निराळी आहे. तेथे दुभाषे प्रणालीच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, नांदतात. गाभा नवा झाला की तेही त्याच्याबरोबर नवे होतात. गाभ्याबाहेरचा दुभाष्याही आणून बसवता येतो, नाही असे नाही. पण तो पाहुण्यासारखा. गाभा बदलला की पाहुण्याची बोली जुनी पडते, आणि एके दिवशी सकाळी घरातले इंटरनेट मुके होते. म्हणून लिनक्सवर ॲडॉप्टर निवडणे म्हणजे वस्तुतः वस्तू निवडणे नव्हेच. आतली चिप कोणती आणि तिचा दुभाष्या घरचा आहे की पाहुणा, एवढेच पाहायचे असते.

प्रश्न सोपा वाटतो. पण त्याचे उत्तर पेटीवर लिहिलेले नसते.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सारी आळी त्यांना बाई म्हणते. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यावर आम्ही दोघे तो बरोबर घेऊन सीताबर्डीला, मोदी नंबर दोनच्या गल्लीत गेलो. दुकानदाराने तीन-साडेतीनशे रुपयांचा एक ॲडॉप्टर पुढे केला.

“चालते ना बाई! सगळ्यात चालते.”

“सगळ्यात म्हणजे कशाकशात?” बाईंनी वर्गात विचारावे तसे विचारले.

“विंडोज सेव्हन, टेन, इलेव्हन.”

“आणि लिनक्सवर?”

“चालत असन जी तेही.”

“भाऊ, यात चिप कोणाची आहे?”

दुकानदाराने पेटी सहाही बाजूंनी फिरवून पाहिली. तिच्यावर वेगाचे आकडे होते, हसतमुख कुटुंबाचे चित्र होते, चमकणारा एक शिक्का होता. चिपेचे नाव तेवढे नव्हते. तेव्हा तो जे बोलला ते मला अजून आठवते. “बाई, हे आम्हालेही सांगत नाहीत.”

त्याने पेटी उघडून वस्तू लावून पाहू दिली, हा त्याचा चांगुलपणा. लॅपटॉपला वाटले, की कोणी तबकडी घातली आहे. पेटीवर ‘ड्रायव्हरची गरज नाही’ असे ठळक छापलेले होते. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजचा दुभाष्या वस्तूच्या पोटातल्या छोट्या साठ्यात दडवलेला आहे. अशी वस्तू प्रथम तबकडीचे सोंग घेऊन येते, आणि विंडोजने दुभाष्या काढून घेतला की मग ॲडॉप्टर होते. लिनक्सवाल्यांना अशा बहुरूप्याचे सोंग उतरवण्यासाठी ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा वेगळा उपाय लिहावा लागला. दुसऱ्या ॲडॉप्टरची चिप ओळखू आली, पण तिचा दुभाष्या पाहुण्यांतला निघाला. तिसरा किमतीने बराच चढा होता. त्यात मीडियाटेकची चिप होती. तो लावताच क्षणभरात आसपासच्या सगळ्या वायफायांची नावे पडद्यावर उमटली. बाईंनी तो घेतला. पण पैसे देताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “चिपेचे नाव एक ओळीचे. मग पेटीवर लिहीत का नाहीत?”

बाईंचा हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पेटीवर खोटे काही लिहिलेले नसते. विंडोजवर चालते म्हटले तर ते चालतेच. पण सांगितलेले सगळे खरे असूनही माणसाची फसगत होऊ शकते, हे आपल्याला धर्मराजाच्या गोष्टीपासून ठाऊक आहे. अश्वत्थामा मेला हे त्याचे वाक्य खोटे नव्हते. अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाने द्रोणाचा घात झाला.

अपुरेपणा कुठवर जाऊ शकतो याचे एक सर्वश्रुत उदाहरण आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा ॲडॉप्टर लिनक्स वापरणारांत एके काळी मोठा लाडका होता, कारण त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि तिचा दुभाष्या गाभ्यात उत्तम नांदत होता. पुढे दुसऱ्या आवृत्तीत चिप बदलून रिअलटेकची आली. नाव तेच राहिले. आवृत्तीचा आकडा वस्तूवर बारीक अक्षरांत असतो, म्हणून येथेही कोणी खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. पण ‘हाच घे रे, चांगला आहे’ असे सांगणाऱ्या मित्राचा शब्द मात्र त्याच्या नकळत खोटा पडला. वस्तूचे नाव हे लोकांच्या आपसातल्या विश्वासाने मोठे होते. नाव तसेच ठेवून आतला माल बदलणे म्हणजे लोकांनी एकमेकांना दिलेला विश्वास परस्पर खर्च करून टाकणे होय.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. सोन्याचा कस दागिन्यावर उमटवणे २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, तेव्हा सराफा काही बंद पडला नाही. चिप हा या वस्तूचा कस आहे, हे मात्र अजून कोणी पुरते मनावर घेतलेले दिसत नाही.

कारखानदाराची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणतो, चिपेचा सारा तपशील उघड केला तर स्पर्धक तो उचलतील. दुसरे असे, की ही यंत्रे आकाशातल्या लहरींवर चालतात; आतली कळ सर्वांच्या हाती दिली तर कोणी मर्यादेबाहेर शक्ती वाढवील आणि शेजाऱ्याचा वायफाय बुडवील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला, तोही शक्तीची मर्यादा घालूनच. आकाश सर्वांचे आहे, म्हणून कोणी आरडाओरडा करू नये, हे योग्यच. परंतु ज्यांनी तपशील उघड केला, त्यांचा इतिहास या भीतीला फारसा दुजोरा देत नाही. अथेरॉसने २००८ साली आपल्या नव्या चिपांसाठी लिनक्सचा खुला दुभाष्या दिला. पुढे २०१३ मध्ये एआर९२७१ च्या पोटात चालणारा कार्यक्रमसुद्धा खुला झाला. त्याने ना कंपनी बुडाली, ना आकाश कोसळले.

आणि ही काही नव्या युगाची अजब मागणीही नव्हे. नागपूरला आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्या काळचे वॉल्व्हचे रेडिओ ज्यांनी उघडून पाहिले असतील, त्यांना पाठीमागच्या फळीच्या आत चिकटवलेला कागद आठवत असेल. अनेक रेडिओंत आतल्या जोडणीचा नकाशा तसा लावलेला असे. रेडिओ महाग होता, पण तो घेणाऱ्याला आपल्या घरातल्या वस्तूचा नकाशाही मिळत होता. आणि गल्लीतला दुरुस्तीवाला त्या नकाशावर आपला संसार चालवीत होता. आजची वस्तू स्वस्त झाली आणि नकाशा तेवढा गेला. तेव्हा स्वस्ताईची खरी किंमत कोण मोजतो, असा प्रश्न मनात येतोच.

ती कोण मोजतो हे मला ब्रॉडकॉमच्या चिपांच्या कथेत दिसले. त्या चिपा असंख्य लॅपटॉपांत होत्या आणि लिनक्ससाठी त्यांचा तपशील मिळत नव्हता. तेव्हा काही स्वयंसेवकांनी बंद दुभाष्या काय काय बोलतो ते तपासून त्याची भाषा शिकून घ्यायचे ठरवले. त्यांनी पाळलेले सोवळे पाहण्यासारखे आहे. एका गटाने बंद दुभाष्या उकलून चिपेचे वर्णन फक्त साध्या शब्दांत लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ वस्तूला हातही न लावता केवळ ते वर्णन वाचून नवा दुभाष्या रचला. कोणाची एक ओळही चोरली असा आळ येऊ नये, म्हणून ही शिवाशिव! २००६ मध्ये तो दुभाष्या लिनक्सच्या गाभ्यात आला. ब्रॉडकॉमने स्वतः खुला दुभाष्या जाहीर केला तो २०१० मध्ये. मधल्या काळात जे लॅपटॉप चालले, ते अनोळखी माणसांच्या जागरणावर चालले. पेटीवर न लिहिलेली एक ओळ अशी कोणाच्या तरी रात्रींतून भरून काढावी लागते.

या सगळ्या चळवळीचा उगमच मुळी अशा एका न मिळालेल्या माहितीत आहे. सुमारे १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सकडून एक लेसर प्रिंटर मिळाला. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरला अशी युक्ती करून दिली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरचा मजकूर मिळाला असता तर तेच करता आले असते. तो ज्याच्याकडे होता, अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे ते मागायला गेले. त्याने नकार दिला. कोणाला दाखवणार नाही असे वचन तो देऊन बसला होता. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि त्याच विचाराच्या परवान्याखाली पुढे लिनक्स वाढली.

मला येथे भीष्म आठवतो. वचन पाळणे हा गुण खरा. पण आपल्या वचनाने कोण उघडे पडते, हे न पाहता पाळलेले वचन भर सभेत गप्प बसायला लावते. त्या माणसाने कंपनीला दिलेला शब्द पाळला आणि शेजाऱ्याला मदतीवाचून परत पाठवले. दोन कर्तव्यांपैकी एक त्याने आधीच विकून टाकले होते. म्हणून खरी चूक नकार देण्यात नव्हती. तसे वचन मागणाऱ्यात आणि ते देणाऱ्यात होती.

हा विचार परका वाटायचे कारण नाही. नागपूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर वर्धा आणि सेवाग्राम आहे. गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. किती सूत निघावे एवढीच अट त्यात नव्हती. किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, दुरुस्तीचा खर्च माफक असावा, खेड्यातल्या झोपडीत तो चालावा, अशा अटी होत्या. म्हणजे यंत्र चांगले कोणते, याचे उत्तर ‘जे वापरणाऱ्याच्या आवाक्यात राहते ते’ असे होते. एक लाखाचे ते बक्षीस शेवटी कोणाच्या पदरात पडले नाही. पण अटी अजून विचार करण्यासारख्या आहेत. आपण आज ज्या वस्तूंना हुशार म्हणतो, त्यांच्यातल्या किती या कसोटीला उतरतील?

तर मग निवड कशी करावी? व्यवहाराचे चार शब्द आधी. ॲडॉप्टरवरचे कंपनीचे नाव वाचून थांबू नये. चिपेचे नाव आणि आवृत्तीचा आकडा विचारावा. मीडियाटेकच्या एमटी७६१०यू आणि एमटी७६१२यू या चिपांचे दुभाषे २०१८ च्या ४.१९ या कर्नलपासून गाभ्यात आहेत, एमटी७९२१एयूचा २०२२ च्या ५.१८ पासून. रिअलटेकच्या ज्या काही यूएसबी चिपा वर्षानुवर्षे पाहुण्यांवर चालत होत्या, त्यांचेही दुभाषे २०२३ च्या ६.२ पासून घरात येऊ लागले आहेत. तेव्हा कालचा दोष आजही तसाच धरून बसू नये. दुकानात लॅपटॉप नेता आला तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. खाचेतल्या वस्तूची ओळख चार-चार अक्षरांच्या दोन खुणांत समोर येते. संत्र्याची फोड चाखण्याची ही नवी रीत समजावी.

आणि ज्याच्या खिशात साडेतीनशे रुपयेच आहेत, त्याचे काय? उमरेडकडून किंवा काटोलकडून नागपुरात शिकायला आलेल्या पोराला मी असे सांगणार नाही, की तुझे कर्तव्य महागाच्या ॲडॉप्टरमध्ये आहे. नीतीचा भार ज्याच्या-त्याच्या खांद्याच्या रुंदीप्रमाणे असतो. त्याने आपला अँड्रॉइड फोन तारेने लॅपटॉपला जोडून इंटरनेट वाटून घेतले, तर बहुतेक वेळा लिनक्स ते लगेच ओळखते आणि ॲडॉप्टर घ्यावाच लागत नाही. न केलेली खरेदी हीही एक निवडच आहे. पण ज्यांना शे-दोनशे रुपयांनी फरक पडत नाही, अशा आपल्यासारख्यांनी जो सांगतो त्याचा माल घ्यावा आणि जो लपवतो त्याच्यापुढे निदान एकदा विचारावे, एवढी अपेक्षा जास्त नाही. दहा गिऱ्हाइकांनी चिपेचे नाव विचारले तर दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारील. तो आयात करणाऱ्याला विचारील. वस्तूची माहिती ही मागणाऱ्यापाशीच येते.

त्या दिवशी सीताबर्डीहून परतताना बाईंनी आणखी एक विचारले होते. “हा जो दुभाष्या आहे म्हणता, तो लिहिणाऱ्याला पैसे कोणी दिले?” मी म्हटले, काहींना कंपन्यांनी दिले, काहींना कोणीच दिले नाहीत. त्या म्हणाल्या, “मग आपण त्यांचे देणे लागतो.”

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. तीत जमा असते आणि नावे असते. कोणाचे किती येणे, कोणाला किती देणे, ते सारे पै-पैशाने लिहिलेले असते. पण आपल्या पूर्वजांनी माणसावर जी ऋणे सांगितली, त्यांत वहीत न मांडता येणारे एक आहे: ऋषिऋण. ज्यांनी जाणले आणि जाणलेले सांगून ठेवले, त्यांचे ते देणे. ते ऋषींना परत करायचे नसते. स्वतः शिकून आणि दुसऱ्याला शिकवून फेडायचे असते. लहरींच्या या नव्या विद्येतही ते तसेच आहे. ज्या वस्तूचे ज्ञान आपल्यापाशी आले ती वस्तू खऱ्या अर्थाने आपली झाली. आणि ते ज्ञान आपण शेजाऱ्याला दिले, की आपल्या आधी जागलेल्यांचे थोडेसे फिटले. तुमच्या घरच्या जुन्या यंत्रावर एखादा ॲडॉप्टर नीट चालला असेल, तर यंदा फराळाला आलेल्या माणसाला त्याच्या चिपेचे नाव सांगा. मुद्दल फिटणार नाही. व्याज तरी चुकते होईल.